तुझ्या अक्षरातला माझा अर्ज

शालन, तुझं अक्षर सापडलं.

त्या दिवशी तुला जाऊन अकरा दिवस झाले होते. ऑफिसात तपासणीला साहेब येणार म्हणून शिष्यवृत्तीचे जुने गठ्ठे माळ्यावरून खाली काढले होते आणि मी नाकाला पदर लावून सुतळ्या सोडत बसले होते. '९२-९३' लिहिलेल्या गठ्ठ्यात वरून पाचवा की सहावा अर्ज माझाच निघाला. नाव माझं, गाव माझं, आबांचं नाव आजोबांच्या नावासकट पुरं, आणि सगळं तुझ्या हातचं. ओळ संपली की शेवटच्या अक्षराची रेघ उगाच पुढं ओढायची तुझी खोड होती, तीसुद्धा जशीच्या तशी. मी कागद उलटा करून ठेवला. मग सरळ केला. परत उलटा केला. शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, "काय मॅडम, पाल निघाली का?" मी हो म्हणाले.

तू जिवंत होतीस तेव्हा वर्षातून दोनदा भेटायचीस. आता रोज येतेस. आपण शिकलो त्याच कॉलेजात, शिष्यवृत्तीच्या टेबलाशी मी बसते. समोर पोरांची रांग असते, हातात जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, आणि एखाद्या पोराच्या मागं त्याची आई नाहीतर बाप अंग चोरून उभा असतो. मी विचारते, "घरचं उत्पन्न किती?" आणि त्या माणसानं तोंड उघडायच्या आधी मला माझ्या खुर्चीमागं तू उभी असल्यासारखी वाटतेस. मागं वळून बघते. कपाट असतं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत झाकून ठेवलेला नवा कॉम्प्युटर असतो, ज्याला अजून कुणी हात लावलेला नाही. म्हणून एकदा सगळं ओळीनं लिहून काढतेय. तुला ठाऊक असलेलंही लिहिणार आहे आणि नसलेलंही.

ही नोकरी लागली तेव्हा मी तुला पेढा दिला होता. तो तोंडात टाकून तू म्हणालीस, "मंदे, चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या!" आणि खदाखदा हसलीस. मीही हसले. तुला नेमकं किती माहीत आहे, हे विचारायची हिंमत मला त्या दिवशी झाली नाही आणि पुढंही झाली नाही.

आपण बारामतीच्या हॉस्टेलात आलो तेव्हा तुझ्याकडं एक पत्र्याची पेटी आणि एक घोंगडं होतं. मी आबांच्या बुलेटवरून आले, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन. आमचं गाव इंदापूरच्या बाजूला, कालव्याखालचं. ऊस, दूधदुभतं, आबा साखर कारखान्याचे सभासद, पंचवीस माणसांत ऊठबस. तुझी वाडी सुप्याच्या पलीकडं, माळावर. थोडी कोरडवाहू जमीन, आणि आप्पा मेंढरं घेऊन सदा रानात. पहिल्याच दिवशी तू माझे तीन लाडू खाल्लेस आणि म्हणालीस, "तुमच्यात गूळ लई घालत्यात. कारखाना घरचाच हाय जणू." तिथून आपलं जमलं.

पहिल्या वर्षी तुझी शिष्यवृत्ती सुरळीत मंजूर झाली. फी माफ, वर हॉस्टेलात राहणाऱ्यांना निर्वाह भत्ता. तो भत्ता हातात पडायला मार्च उजाडला, तोवर मेसवाल्या मावशींनी तुला भरवशावर जेवायला घातलं. पैसे मिळाले त्या दिवशी तू मला एस.टी. स्टँडसमोर भजी खाऊ घातलीस, मेसचं चुकतं केलंस आणि आईला लुगडं घेतलंस. हिरवं. दुकानदारानं सतरा लुगडी उलगडली तेव्हा तुला एक पसंत पडलं. घरी तू काय सांगितलंस? हुशार पोरांना कॉलेज बक्षीस देतं, त्या बक्षिसाचं हे लुगडं. ते पैसे गरिबाच्या पोरांना मिळतात असं तू आईला सांगितलं नाहीस. मी विचारलं, "खोटं का बोललीस?" तर म्हणालीस, "आमच्या घरात त्यो शब्द चालत न्हाय."

मला तेव्हा ते कळलं नाही. पण दिवाळीनंतर एकदा तुझ्या घरी आले होते, ते आठवत होतं. पीठ संपलं तर आमच्याकडंही 'संपलं' म्हणत नाहीत, 'वाढलं' म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढते. तुझ्या आईचं मात्र त्याच्याही पुढचं होतं. तिच्या तोंडून घरातल्या कुठल्याच गोष्टीला 'नाही' निघायचं नाही. मी तीन भाकरी खाऊन ताट सारलं तरी ती चौथी थापत होती. "मावशी, बास, पीठ उरू द्या," मी म्हटलं. "लई हाय, बाय. देवाच्या दयेनं लई हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी तू शेजारून पीठ उसनं आणताना मला दिसलीस आणि तूच मला डोळ्यांनी दटावलंस.

उत्पन्नाचा दाखला दर वर्षी नवा लागायचा. दुसऱ्या वर्षीच्या जुलैत सगळ्या पोरी तुझ्या कॉटभोवती जमायच्या, कारण अर्जात खाडाखोड झाली की क्लार्क तो परत द्यायचा आणि तुझ्या हातून खाडाखोड व्हायची नाही. मीही माझा ई.बी.सी.चा अर्ज घेऊन आले. ई.बी.सी. म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या पोरांना फी माफ. आमच्या तलाठ्यानं माझा दाखला आमच्या ओसरीवर बसून, चहा पिता पिता लिहिला होता. जमीन कागदावर चार नावांवर वाटलेली, त्यातला आबांचा तुकडा तेवढा दाखवलेला. मी आबांना म्हटलं होतं, "आपल्याला कशाला हवं हे?" आबा म्हणाले, "समदी घेत्यात. सरकार देतंय आन आपुन न्हाय म्हणायचं, येडे हाय का आपुन?"

तू दाखल्यावरून आकडा वाचलास. पेन थांबलं. आमच्या घरी तूही राहून गेली होतीस, गोठा पाहिला होतास, बुलेट पाहिली होतीस. तू वर बघितलं नाहीस. नुसतं विचारलंस, "आबांचं नाव पुरं लिवू का?" मी म्हटलं, "लिही." तू लिहिलंस, शाईवर फुंकर घातलीस आणि पुढच्या पोरीचा कागद घेतलास. तो हा अर्ज, जो मला सापडला.

आणि त्याच महिन्यात तुमच्याकडं नवा तलाठी आला. माणूस नाकासमोर चालणारा. तालुक्यात खोट्या दाखल्यांची ओरड झाली होती, म्हणून त्यानं ठरवलं की घरी जाऊन, जबाब घेऊनच दाखला द्यायचा. इमानदार माणूस नेमका तुझ्याच वाट्याला यावा, शालन! आमच्या ओसरीवर असा एकजण कधी आला नाही.

आप्पा मेंढरं घेऊन रानात होते, घरी आई एकटी. कोतवालानं आधी वर्दी दिली, "पोरीच्या कालेजच्या कागदासाठी सायब येत्यात." आईला वाटलं, बक्षीस देणारा माणूस घर कसं आहे ते बघायला येतोय. सोयरीक बघायला येतात तसा. तिनं हिरवं लुगडं नेसलं. शेजारून दूध-साखर आणली. नवं घोंगडं अंथरलं. पुढचं तुला तलाठ्यानं सांगितलं आणि तू मला कॉटवर मांडी घालून, दोघांचे आवाज काढून सांगितलंस.

"मावशी, मेंढरं किती?"

"लई हायत, सायब."

"आकडा सांगा."

"लक्षुमी मोजू न्हाय. वाडगं भरून हायत."

"दाणागोटा?"

"लई हाय."

"कुणाचं देणं?"

"कुनाचं न्हाय."

त्याला शंका आली असावी. मेंढरं कोंडायच्या वाडग्यात निम्म्या जागेवर गवत माजलेलं त्याच्या डोळ्यांसमोर होतं, आणि आदल्या साली रोगानं निम्म्याहून जास्त मेंढरं नेली होती हे गावात कुणीही सांगितलं असतं. तो म्हणाला, "मावशी, कमी असंल तर तसं सांगा. पोरीच्याच फायद्याचं हाय." तशी आई फणकारली, "कमी कशापायी सांगू? तोंडानं न्हाय म्हणलं की वास्तू तथास्तु म्हणती. तुमी चा घ्या, निवतोय." त्यानं चहा घेतला आणि ती बोलली तेच लिहिलं. तिचा अंगठा घेतला. दाखला आणायला तू गेलीस तेव्हा त्यानं तो जबाब तुला दाखवला. विळ्यानं कापलेल्या अंगठ्याची मधली चीर शाईत उमटली होती, म्हणालीस. ती बघितली आणि 'साहेब, हे खरं न्हाय' असं म्हणायला उघडलेलं तोंड तू मिटून घेतलंस.

बारामतीला परत आलीस ती हसतच. "मंदे, आमी बागाईतदार झालो बघ." दाखल्यावरचा आकडा शिष्यवृत्तीच्या मर्यादेच्या वर गेला होता. माझा आणि तुझा दाखला शेजारी ठेवला असता, तर तुझा बाप माझ्या आबांपेक्षा श्रीमंत होता. तू तुझा दाखला घडी करून पेटीत टाकलास.

दुसऱ्या दिवशी धुण्याच्या दगडावर आपलं भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. मी म्हटलं, "आईला घेऊन तहसीलदाराकडं जा. पुन्हा जबाब द्या. एवढंच म्हणायचं की घरात काही नाही."

"एवढंच?"

"मग काय अवघड आहे?"

"मेंढरं गेली तवा ती आठ दिस जेवली न्हाय. आपल्याच तोंडनं कायतरी वंगाळ निघालं आसंल म्हणायची. आता कचेरीत धा मानसांत तिला न्हाय म्हणायला लावू? उद्या आप्पांना काय झालं, उरल्याल्या चार मेंढरांना काय झालं, तर ती सोताला खाईल."

"अगं, सायन्सची पोरगी ना तू?"

"मी हाय सायन्सची. ती न्हाय."

माझं डोकं फिरलं. "मग बस घरी, मेंढरं वळ!" असं मी म्हणाले. तू परकर पिळलास, झटकलास, दोरीवर टाकलास आणि म्हणालीस, "वळीन की." त्या शब्दांसाठी मी तुझी माफी कधी मागितली नाही. तू रागावलीच नाहीस, त्यामुळं मागायची वेळ आली नाही, असं मी स्वतःला सांगत आले.

आता तुला माहीत नसलेलं. संध्याकाळी मी तुला म्हटलं, "आबांना सांगते. कचेरीत त्यांचा शब्द चालतो. आईला कुठं जायला नको, काही म्हणायला नको. एक फोन केला की पुन्हा चौकशी होईल, गावातल्या चार जणांना विचारतील." तुझा चेहरा उजळला. त्या रात्री मेसमध्ये तू पोटभर जेवलीस, दोनदा आमटी घेतलीस. रविवारी मी गावी गेले. सोमवारी परत येऊन तुला सांगितलं, "आबा म्हणाले, नाही जमायचं."

शालन, मी आबांना विचारलंच नव्हतं.

ओसरीवर ते पान लावत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले. "काय गं?" ते म्हणाले. मी म्हटलं, "काही नाही." माझ्या मनात एकच आलं. दाखल्यांची चौकशी सुरू झालीय, आपण होऊन हा विषय कचेरीत काढला तर उद्या कुणीतरी माझाही दाखला काढील. आबांचं नाव जाईल. माझी फी आबांनी सहज भरली असती. आमच्या बैलांच्या पोळ्याच्या सजावटीला त्याहून जास्त लागायचं. वाचवण्यासारखं माझं काही नव्हतंच. तरी मी तुझा विषय गिळला आणि आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन बारामतीला आले. ती चटणी तुला दिली. तू म्हणालीस, "आबांनी ऐकून घेतलं हेच लई झालं."

भत्ता बंद म्हणून हॉस्टेलची जागा गेली, तरी दोन महिने तू माझ्या कॉटवर राहिलीस. रेक्टरबाईंनी कानाडोळा केला. मी मेसमधून दोन पोळ्या जास्त आणायचे. "खा गं." "जेवून आलीय." "कुठं?" "मैत्रिणीकडं." तुझी कुठलीही मैत्रीण बारामतीत नव्हती, मी सोडून. हे मला ठाऊक होतं. तरी 'जेवून आलीय' म्हटलं की मी मान डोलवायचे, कारण मानणं सोयीचं होतं. तू तुझ्या आईचीच लेक होतीस. पोटातल्या भुकेलासुद्धा 'लई हाय' म्हणायचीस, आणि मी तो तलाठी होऊन तू सांगशील तेच लिहून घ्यायचे.

मग सुप्याहून एस.टी.नं येऊन-जाऊन बघितलंस. गाडी कधी यायची, कधी नाही. प्रॅक्टिकल बुडायची. दिवाळीनंतर एक दिवस तू पेटी न्यायला आलीस तेव्हाच मला कळलं. दारात थांबून माझा हात तू तुझ्या डोक्यावर ठेवलास. "आईला कदी सांगू नगंस. तिच्या बोलण्यानं माझं कालेज सुटलं हे तिला कळता कामा नये. मी सांगितलंय, मला कटाळा आला म्हणून. शप्पथ घे." मी घेतली. शपथ मोडली की ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याचं बरंवाईट होतं म्हणतात. मी मोडली नाही, शालन. सात वर्षं जपली. तू तरी गेलीस.

तू रडगाणं गायलं नाहीस, हे मात्र म्हणायला हवं. लोणी देवकरला कारखान्यात पॅकिंगला लागलीस, इंदापूरकडच्या भल्या माणसाशी लग्न केलंस. शिफ्टमधल्या बायकांचे अर्ज, कागद, पत्रं सगळी तूच लिहून द्यायचीस. एकदा म्हणालीस, "माझ्या अक्षरात निम्म्या तालुक्याचं रडगाणं हाय, फक्त माझंच न्हाय." मी तुझ्यामुळं दीड वर्ष हसले, आणि मॅट्रिकनंतर गणित मला कुणी शिकवलं असेल तर तू. माझ्या पदवीतला निम्मा अभ्यास तू पहिल्या वर्षी करून घेतला होतास. हे मी तुला कधी सांगितलं का? नाही. सांगेन म्हणता म्हणता राहिलं.

शेवटची भेट बारामतीच्या स्टँडवर. तुझे डोळे पिवळे दिसत होते. "हे काय गं?" मी विचारलं. "उनाचं हाय. बरी हाय मी." माझी घरी जायची, जळोचीची गाडी लागली होती. मी म्हटलं, "बघ हं, अंगावर काढू नको," आणि गाडीत चढले. खिडकीतून तू हात हलवलास. कावीळ होती. तू महिनाभर शिफ्ट भरलीस आणि विचारेल त्याला बरी हाय म्हणालीस. दाजींचा कॉलेजात फोन आला तो सगळं संपल्यावर. मी पोचले तेव्हा माणसं ओल्या अंगानं परतत होती. तुझी आई कोपऱ्यात बसली होती, बायकांच्या गराड्यात. मी तिच्यापर्यंत गेले नाही.

पण तो अर्ज सापडल्यावर राहवेना. काल रविवार होता. सुप्याच्या गाडीत बसले, फाट्यावर उतरले, चालत वाडीवर गेले. वाडगं मोकळं होतं. कोपऱ्यात दोन शेळ्या बांधलेल्या होत्या. आप्पांना आता ऐकू येत नाही, त्यांनी मला ओळखलं नाही, नुसतं घोंगडं सरकवलं. आई बाहेर आली. शालन, तिच्या अंगावर तेच लुगडं होतं. हिरवं कुठं कुठं उरलंय, बाकी सगळा मातीचा रंग आलाय.

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली. पाणी दिलं. मग तीच म्हणाली, "तू तिच्या संगं व्हतीस. एक इचारू? तिनं कालेज का सोडलं गं? म्या इचारलं की म्हणायची, कटाळा आला. कटाळा येनारी पोर न्हवती ती. लई बोलले मी तिला त्या टायमाला. कामचुकार म्हणलं. मरूस्तवर तिनं उलटून सांगितलं न्हाय."

सात वर्षं तू आईचे बोल खाल्लेस, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

तिच्या जबाबाचं मी काढलं नाही. माझं तेवढं काढलं. म्हटलं, "मावशी, माझ्यामुळं सोडलं. तिचा भत्ता बंद झाला होता. माझ्या आबांनी एक फोन केला असता तर परत सुरू झाला असता. मी आबांना सांगितलंच नाही, आणि तिला मात्र सांगितलं की आबा नाही म्हणाले." सात वर्षं दडवलेलं एका दमात सांगून टाकलं. आता ती मला हाकलून देईल, शिव्या देईल, आणि दिल्या तर बरं, असं वाटत होतं.

तिनं कपाळाला आठी घातली. "कसला भत्ता?"

"सरकारचा. गरिबांच्या पोरांना देतात ना, तो."

"मग त्यो आमाला कशापायी मिळंल? आमी काय गरीब व्हतो व्हय?" तिला माझं बोलणं खुळचट वाटलं असावं. मग एकदम तिचा आवाज मऊ झाला. "एकडाव कालेजचा सायब आलता बग. हेच लुगडं नेसले व्हते. समदं नीट सांगितलं त्येला. लई खोदून खोदून इचारत व्हता, पर म्या कुटं कमी पडू दिलं न्हाय. पोरीची मान खाली जाऊ दिली न्हाय."

माझ्याकडं बघत राहिली. मी काहीतरी म्हणावं, अशी तिची अपेक्षा होती. मी म्हटलं, "नाही जाऊ दिलीत, मावशी."

गाडीची वेळ झाली म्हणून उठले तर ती म्हणाली, "थांब, लेकीच्या जागची तू, रिकाम्या हातानं जाऊ न्हाय," आणि आत गेली. आतून पत्र्याच्या डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मग मापटं डब्याच्या बुडाला घासलं. पुन्हा घासलं. तिसऱ्यांदा डबा तिरका करून घासलं. ती बाजरी घेऊन दारात आली.

"राहू द्या, मावशी. तुम्हाला लागेल."

"घे गं बाय," ती म्हणाली. "लई हाय."

शालन, मी पदर पुढं केला.